कॅश क्लियर करा!

"साहेब, आधी कॅश क्लियर करा, मग बघू," फोनवरचा मुलगा म्हणाला.

मी घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे साडेअकरा. रांग थेट दारापर्यंत. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काही नाही तरी एवढं कळतं, की कॅश संध्याकाळी टॅली होते. मी तसं सांगितलं. वर असंही सांगितलं, की कॅश माझ्याकडे नसून हेड कॅशियरकडे असते. पलीकडे क्षणभर शांतता. मग पहिलीतल्या पोराला समजवावं अशा आवाजात तो म्हणाला, "ती नाही हो. ब्राउझरची."

हेड कॅशियरनी अर्धंच ऐकलं होतं. त्यांनी नोटांच्या गड्ड्या पेटीत टाकून कुलूप लावलंसुद्धा. रांगेत बँक बुडाल्याची बातमी पसरायला मग वेळ लागला नाही.

तेव्हापासून मी या दुसऱ्या कॅशच्या मागे लागलो. आम्ही कॉमर्सवाले, कुठल्याही गोष्टीचं ओपनिंग बॅलन्स कळल्याशिवाय झोप येत नाही.

शब्द निघाला फ्रेंच. उत्तर अमेरिकेच्या रानात कातडी गोळा करत हिंडणारे फ्रेंच शिकारी अन्नाचा साठा वाटेत पुरून ठेवायचे, परतताना उपसून खायचे. त्या लपवलेल्या साठ्याचं नाव कॅश. म्हणजे उच्चार आमचा आणि स्पेलिंग त्यांचं.

संगणकातली कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी 1965 साली एका छोट्याशा निबंधात मांडली. मोठी स्मृती स्वस्त पण सुस्त, छोटी चपळ पण महाग; तेव्हा वारंवार लागणारं तेवढं छोटीत ठेवावं. आपल्या घरी हे आधीपासूनच आहे. हळदीची बरणी फळीवर असते आणि आमटीला हळद मिसळणाच्या डब्यातून पडते. दर फोडणीला कोणी स्टुलावर चढत नाही. पण विल्क्स यांना मिसळणाचा डबा माहीत नसावा. त्यांनी नाव ठेवलं 'गुलाम स्मृती'.

पुढे आयबीएमने 1968 साली 'सिस्टम 360 मॉडेल 85' हे यंत्र जाहीर केलं. त्यात हा डबा होता, 16 किलोबाइटचा, हवा तर 32 पर्यंत वाढवता येणारा. आज मोबाईलवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या एका गुलाबालाही तो पुरणार नाही. कंपनीच्या नियतकालिकात त्यावर लेख द्यायचा होता आणि इंजिनियरांनी नाव ठेवलं होतं 'हाय-स्पीड बफर'. संपादक लाइल जॉन्सन यांना ते पसंत पडेना. दुसरं सुचवा म्हणाले, कोणाला सुचेना. शेवटी त्यांनीच सुचवलं, 'कॅश'. संपादक लोक लेखकाचं काय काय बदलतात हे मी अनुभवाने जाणतो. पण या एका बदलाबद्दल त्यांना माफ करायला हरकत नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली पहिला ब्राउझर लिहिला आणि काही वर्षांत हा डबा तिथेही आला. तो का हवा होता हे सायबर कॅफेत बसलेल्यांनाच कळेल. 1999 साली मी टी.वाय.ला होतो. तासाला पन्नास रुपये, आणि मॉडेम 56 किलोबिटचा. त्याचा सेकंदाला जेमतेम सात किलोबाइट असा हिशेब. सत्तर किलोबाइटचा फोटो म्हणजे दहा सेकंद. हिरॉइन कपाळापासून उतरायला लागायची ती हनुवटीशी येईस्तोवर आमचे सुटे पैसे संपत. पण मागे जायचं बटण दाबलं, की आधीचं पान चटकन यायचं! मला वाटायचं कॅफेवाल्याने दयेने सोडलं. ते पान कॅफेच्या मशीनमध्येच पुरून ठेवलेलं असायचं.

पुरलेलं शिळं होतं, ही खरी अडचण. त्यासाठी 1996 च्या नियमावलीत एक सोय होती. ब्राउझर विचारतो, अमुक तारखेनंतर पान बदललंय का? नसेल तर पलीकडून फक्त शेरा येतो: 304. म्हणजे 'बदल नाही'. सरकारी फायलीवरही इतका आटोपशीर शेरा मी पाहिलेला नाही. जानेवारी 1997 च्या नियमावलीने पान किती सेकंद ताजं मानायचं हेही पानासोबत धाडायची सोय केली. आज 'नो-कॅश' अशीही एक सूचना असते. तिचा अर्थ 'ठेवू नका' असा नाही! ठेवा, पण वापरण्यापूर्वी दरवेळी विचारा, असा आहे. मुळीच ठेवायचं नसेल तर सूचना वेगळी, 'नो-स्टोअर'. नोव्हेंबर 2016 मध्ये आमच्या एटीएमवर 'नो कॅश'ची पाटी लटकत होती, तेव्हा आत काय चाललं होतं ते मी सांगत नाही. पण मला हा नियम एका वाचनात समजला.

जुन्या इंटरनेट एक्सप्लोररात तर सेटिंगच होतं. नवं पान आलंय का हे दरवेळी बघू, ब्राउझर उघडताना बघू, आपोआप बघू की कधीच नको? शिवाय डिस्कवर किती मेगाबाइट जागा द्यायची तेही ठरवता यायचं. जागा आमच्या शाखेच्या रोकड मर्यादेसारखी. जास्त झालं की बाहेर काढा. पर्याय मात्र हुबेहूब आमचे चार कारकून. एक प्रत्येक व्हाउचरला हेड ऑफिसला फोन लावतो, दुसरा रोज सकाळी एकदाच, तिसरा स्वतःचं डोकं चालवतो. चौथा कधीच विचारत नाही. तो प्रमोशनवर गेला.

एवढं पुराण वाचायला मला एका आजोबांनी लावलं. फोनच्या प्रसंगाआधी दोन दिवस ते काउंटरवर आले होते. आमच्या ठेवीचा दर घरच्या कॉम्प्युटरवर जास्त दिसला, म्हणून त्यांनी दुसरीकडची ठेव मुदतीआधी मोडली, दंड भरला आणि चेक घेऊन आले. दर तर आम्ही आठवड्यापूर्वीच उतरवला होता. मी चारचौघांत म्हणालो, "आजोबा, चष्म्याचा नंबर बदला." ते काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी कागदावर छापून आणलं. तारीख कालची, दर जुना, चष्मा ठीक.

म्हणून तर मी फोन लावला होता. ब्राउझरच्या कॅशवर आल्यावर त्या मुलाने शोध घेऊन सांगितलं, की आमच्याच पानावर 'तीस दिवस ठेवा' असा हुकूम होता. 25,92,000 सेकंद. आजोबांच्या ब्राउझरने तो इमानाने पाळला होता. खोटं कोणी बोललं असेल तर आम्ही. दंडाची रक्कम परत मिळावी म्हणून मी अर्ज वर पाठवला आहे. अद्याप उत्तर नाही. 304 सुद्धा नाही.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकदम दाबलं. यादीत कॅशशेजारी कुकीज आणि पासवर्डही असतात. त्यावर खूण राहू दिली तर आजोबांचं सगळं लॉगिन गेलं असतं, म्हणून ती दोनदा तपासून काढली. पुसून झालं. पान पुन्हा मागवलं. हळूहळू नवा दर उतरला.

आजोबांनी चष्मा वर करून तो नीट वाचला.

"जुनाच बरा होता," म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.