क्वीन्स गॅम्बिट : पांढऱ्या बाजूच्या एका प्रारंभाच्या अध्ययनाचा इतिहास

प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटावर वजिरासमोरचे प्यादे दोन घरे सरकवून डी४ वर आणणे आणि काळ्याने डी५ असे उत्तर दिल्यावर शेजारचे प्यादे सी४ वर माऱ्यात देऊ करणे, या दोन खेळ्यांना ‘क्वीन्स गॅम्बिट’ असे म्हणतात. इ. स. १४९० च्या सुमाराच्या गॉटिंगेन हस्तलिखितात या प्रारंभाचा उल्लेख आढळतो. पांढरी मोहरी घेऊन बसणाऱ्या नवशिक्याला आज हा प्रारंभ बहुधा खेळ्यांच्या लांबलचक यादीच्या रूपाने शिकवला जातो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. प्रत्येक पिढी या प्रारंभातून जे शिकली ते खेळ्यांचे क्रम नव्हेत, तर प्याद्यांच्या मांडणीचे गुणदोष होत. आणि तेही पुष्कळदा पराभवातून.

नावातील गैरसमज

‘गॅम्बिट’ या शब्दाने प्याद्याचा बळी सूचित होतो. वस्तुतः येथे बळी असा नाहीच. काळ्याने सी४ वरील प्यादे मारून ते बी५ ने राखण्याचा हट्ट धरला, तर पांढरा ए४ खेळतो. सी६, ए४ वरून बी५ वर मारामारी, आणि सहाव्या खेळीला पांढरा वजीर एफ३ वर येताच कोपऱ्यातील हत्ती वाचवताना काळ्याला निदान एक घोडा गमवावा लागतो. ही शिक्षा इटालियन खेळाडू ग्रेको याने सतराव्या शतकातच नोंदवली होती. पुढे अलेप्पोच्या फिलिप स्टामाने १७३७ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून या प्रारंभाचा पुरस्कार केला; म्हणून काही काळ त्यास ‘अलेप्पो गॅम्बिट’ही म्हणत.

लोभाची शिक्षा काळ्यालाच होते असे नाही. काळ्याने प्यादे न मारता ई६ खेळून डी५ ला आधार दिला, तर पांढरा उंट जी५ वर आणून एफ६ वरील घोडा जखडतो. सी-डी प्याद्यांची अदलाबदल झाल्यावर डी५ वरील काळे प्यादे फुकटचे वाटते आणि पांढरा ते घोड्याने मारतो. त्यावर काळा आपला वजीर सोडून देऊन त्या ‘जखडलेल्या’ घोड्यानेच मारतो, पांढरा उंट वजीर घेतो, आणि काळा उंट बी४ वरून शह देतो. शहाच्या आड पांढऱ्याला स्वतःचा वजीरच घालावा लागतो आणि हिशेबाअंती पांढरा एका मोहऱ्याने मागे पडतो. १८४८ मध्ये बर्लिन येथे मायेट हा हार्विट्झविरुद्ध असाच फसला होता. या सापळ्याचे नाव ‘एलिफंट ट्रॅप’. मराठी खेळाडूने मात्र त्यात हत्ती शोधू नये!

पराभवाचे धडे

१८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेपर्यंत हा प्रारंभ फारसा प्रचलित नव्हता. राजावर थेट हल्ला हाच खेळाचा आदर्श असलेल्या काळात डी४ ची संथ चाल कोणास रुचावी? तिचे खरे मोल स्थितीच्या मूल्यमापनाचा विचार रुजल्यावरच कळले. या दृष्टीने १८८६ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील नववा डाव अभ्यासण्याजोगा आहे. पांढऱ्या बाजूने झुकेरटोर्टने क्वीन्स गॅम्बिट मांडला. त्याची मोहरी मोकळी झाली, पण डी४ वरील प्यादे एकाकी पडले. स्टाइनिट्झने सी३ वर घोड्यांची अदलाबदल केली. परिणामी सी आणि डी स्तंभांवरील दोन पांढरी प्यादी शेजाऱ्यांच्या आधाराविना उरली. त्यांच्यावरच सातत्याने दाब ठेवून काळ्याने ३८ खेळ्यांत डाव जिंकला. टाराशने पुढे एकाकी प्याद्याची बाजू हिरिरीने घेतली, कारण ते मोहऱ्यांना वाट देते. हा वाद आजही मिटलेला नाही, आणि पांढऱ्याने खरे तर येथूनच अभ्यास सुरू करावयास हवा.

त्याच टाराशला १८९५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत २२ वर्षांच्या पिल्सबरीने घोडा ई५ वर, त्याला एफ४ चा आधार आणि राजाच्या बाजूने चढाई अशा योजनेने हरवले. १९२७ मध्ये ब्यूनोस आयर्स येथील कॅपाब्लांका-अलेखाइन सामन्यातील ३४ पैकी ३२ डाव याच प्रारंभाच्या नाकारलेल्या प्रकाराचे होते. प्रेक्षक कंटाळले असल्यास नवल नाही! पुढे डी५ वर अदलाबदल करून वजिराच्या बाजूची दोन प्यादी तिघांवर चालवावयाची (‘अल्पसंख्यांचा हल्ला’) ही योजना रूढ झाली. तर १९५२ मध्ये बोटविनिकने केरेसविरुद्ध त्याच मांडणीत एफ३ आणि ई४ असा मध्यावरचा मार्ग दाखवला. मांडणी एक, योजना दोन. यादी पाठ करणाऱ्याच्या हाती हा फरक लागत नाही.

ग्रंथाविना अध्ययन

याचे ठळक उदाहरण म्हणजे पंजाबातील मीर सुलतान खान. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाखालील हा खेळाडू देशी नियमांवर वाढला होता. त्या पद्धतीत प्यादे एका वेळी एकच घर चाले. म्हणजे डी४ ही पहिली खेळीसुद्धा त्याला नव्याने शिकावी लागली. युरोपीय प्रारंभग्रंथांशी त्याचा परिचय अल्प होता, आणि त्याचे प्रारंभ दुबळे असत हे मान्यच करावे लागेल. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे त्याने मिळवली. जागतिक महासंघाने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर पद दिले ते २०२४ मध्ये.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तो कॅपाब्लांकासमोर पांढरी मोहरी घेऊन बसला. घोडा एफ३, मग डी४, मग सी४. काळ्याने डी५ टाळून वजिराच्या बाजूचा उंट तिरकस वाटेने आणला, त्यामुळे डाव क्वीन्स गॅम्बिटबाहेर गेला आणि पाठांतर असलेच तर निरुपयोगी ठरले. प्याद्यांची मांडणी मात्र दोघांनाही सारखीच वाचता येत होती. ६५ व्या खेळीला कॅपाब्लांकाने हार मानली.