अणुवीज केंद्रांचा बांधकाम खर्च

अणुवीज केंद्रांचा बांधकाम खर्च : अणुवीज केंद्राची जागा ताब्यात घेण्यापासून ते केंद्र ग्रिडला जोडून व्यापारी वीजनिर्मिती सुरू होईपर्यंतचा एकूण खर्च. जमीन व पुनर्वसन, स्थापत्यकाम, अणुभट्टी, टर्बाइन, सुरक्षा तपासण्या आणि बांधकामकाळातील व्याज हे त्याचे मुख्य घटक होत. कोळशाच्या विजेत इंधनावर सतत पैसा लागतो. अणुविजेत बहुतेक पैसा एक युनिटही तयार होण्याआधी गुंतलेला असतो. त्यामुळे अंदाजपत्रक चुकले की विजेचा दर चुकतो, आणि ती चूक पुढची कित्येक दशके फेडावी लागते.

तारापूरचा अनुभव : महाराष्ट्रातील, आणि देशातीलही, पहिले अणुवीज केंद्र तारापूर (जि. पालघर) येथे आहे. १९६४ च्या करारानुसार अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन भट्ट्या पूर्ण बांधून देण्याची जबाबदारी घेतली. अमेरिकेने त्यासाठी ८ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज दिले आणि १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या ३ व ४ क्रमांकाच्या भट्ट्या देशी बनावटीच्या आहेत. त्यांचे काम २००० मध्ये सुरू झाले. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये वीज देऊ लागली, तीही मंजूर खर्चाच्या मर्यादेत. परिचित आराखडा, देशी पुरवठादार आणि अनुभवी माणसे असली की खर्च आटोक्यात राहू शकतो, याचा हा घरचा दाखला. मात्र याच भट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. गाव सोडणाऱ्यांनी सोसलेले प्रकल्पाच्या हिशेबवहीत पूर्णपणे उतरत नाही, हेही या दाखल्यासोबत लक्षात ठेवले पाहिजे.

जैतापूरची न ठरलेली किंमत : रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात माडबन परिसरात प्रत्येकी सुमारे १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच ईपीआर भट्ट्या, म्हणजे ९,९०० मेगावॉटचे केंद्र उभारण्याची योजना आहे. डिसेंबर २०१० मध्ये भारतीय अणुऊर्जा महामंडळ आणि फ्रान्सची अरेव्हा कंपनी यांच्यात प्राथमिक करार झाला. पुढे अरेव्हाचा अणुभट्टी व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेला. २०१८ मध्ये तिच्याशी पुढील वाटचालीचा करार झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये तिने तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. तरीही २०२५ पर्यंत अंतिम करार झालेला नव्हता. विजेचा दर हा वाटाघाटींतील कळीचा प्रश्न राहिला. दरम्यान जागेसाठी घेतलेल्या सुमारे ९३८ हेक्टर जमिनीची भरपाई २०१३ मध्ये वाढवून हेक्टरी २२.५ लाख रुपये करण्यात आली. म्हणजे भट्टीचा पाया खणण्याआधीच खर्चाचा एक आकडा बदलला होता.

ईपीआरचा परदेशातील इतिहास : फिनलंडमधील ओल्किलुओतो-३ ची ठरावीक किंमत सुमारे ३ अब्ज युरो होती आणि २००९ मध्ये ती सुरू व्हायची होती, नियमित उत्पादन २०२३ मध्ये सुरू झाले आणि एकूण खर्च सुमारे ११ अब्ज युरोवर गेला. फ्रान्समधील फ्लामांव्हिल-३ चे काम २००७ मध्ये ३.३ अब्ज युरोच्या अंदाजाने सुरू झाले. भट्टी ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०२५ मध्ये वित्तखर्चासह एकूण खर्च सुमारे २३.७ अब्ज युरो असल्याचे सांगितले. चीनमधील ताइशानच्या दोन भट्ट्या त्या मानाने लवकर, २०१८ व २०१९ मध्ये, सुरू झाल्या.

फ्लामांव्हिलमधले एक उदाहरण बोलके आहे. मुख्य वाफनळ्यांचे आठ सांधे भट्टीच्या इमारतीच्या दोन भिंतींच्या मध्ये होते. त्यांच्या वेल्डिंगचा दर्जा ठरलेल्या निकषांना उतरला नाही, म्हणून २०१९ मध्ये नियामकाने ते दुरुस्त करायला लावले. हात पोहोचणार नाही अशा जागी हे काम दूरनियंत्रित यंत्रांनी करावे लागले. त्या वर्षी ईडीएफने वेल्डिंग दुरुस्तीसाठी अंदाजपत्रक सुमारे दीड अब्ज युरोने वाढवले. सुरक्षेत अशी तडजोड न करणे योग्यच होते. मात्र अशा दुरुस्तीची तरतूद मूळ अंदाजात नव्हती.

खर्च वाढण्याची कारणे : आराखडा पूर्ण होण्याआधी काम सुरू करणे, नव्या प्रकारच्या भट्टीचा पहिलाच प्रयोग, कुशल वेल्डर व अभियंत्यांची तूट, २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर कडक झालेले निकष, परकीय चलनाचे दर आणि स्थानिक विरोध ही प्रमुख कारणे आहेत. कुडनकुलम (तामिळनाडू) येथील पहिल्या दोन भट्ट्यांचा मंजूर खर्च १३,१७१ कोटी रुपये होता. तो २२,४६२ कोटींवर गेला.

या सगळ्यांत विलंब सर्वांत महाग पडतो, कारण कर्ज थांबत नाही. १०० कोटी रुपये ९ टक्के चक्रवाढ व्याजाने आठ वर्षे अडकून पडले, तर देणे सुमारे १९९ कोटी होते. यात एक वीटही जादा लागलेली नसते. म्हणूनच कोणताही आकडा वाचताना तो व्याजासह आहे की व्याज सोडून, आणि कोणत्या वर्षाच्या भावाने आहे, हे आधी पाहावे. हे न पाहता केलेली तुलना फसवी ठरते.

भार कोणावर : करार ठरावीक किमतीचा असेल तर वाढीव खर्च आधी पुरवठादारावर पडतो, ओल्किलुओतोच्या तोट्याने अरेव्हा खिळखिळी झाली. खर्च दरातून वसूल होणार असेल तर तो ग्राहकावर येतो, आणि सरकारने उचलला तर करदात्यावर. बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावात अणुभट्टी नाही. पण तिथला शेतीपंप आणि पिठाची गिरणी ज्या ग्रिडवर चालते, त्याच ग्रिडमध्ये तारापूरची वीज येते. सार्वजनिक प्रकल्पाचा आकडा कसा फुगतो, हे या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही : नांदुरा तालुक्यातील जिगाव सिंचन प्रकल्प सुमारे ४०० कोटींवरून १३ हजार कोटींच्या वर गेला आहे.

कार्बनचे उत्सर्जन टाळून रात्रंदिवस वीज देण्याचे अणुविजेचे सामर्थ्य खरे आहे, आणि म्हणूनच तिची किंमत स्पष्ट असणे अधिक गरजेचे आहे. जैतापूरचा अंतिम करार होईल तेव्हा एकूण रकमेसोबत उशिराच्या प्रत्येक वर्षाचे व्याज कोण भरणार, हेही त्यात लिहिलेले असावे. आणि ते माडबनच्या मच्छीमाराला व धाडच्या शेतकऱ्याला सही होण्यापूर्वी वाचता यावे.