फेअरिंगची कुळकथा

फेअरिंग म्हणजे विमानाच्या उघड्या भागावर चढवलेले हलके आवरण. भार पेलणे हे त्याचे काम नव्हे. वारा त्या भागाच्या कडेने सुरळीत निघून जावा एवढ्यासाठीच ते असते. उंच पंखाच्या जुन्या छोट्या विमानांत पंखाच्या पोटातून निघून धडाच्या खालच्या कडेपर्यंत तिरके उतरणारे टेकू असतात. त्यांना कारागीर स्ट्रट म्हणतात. पंखाचा भार हे स्ट्रट पेलतात आणि फेअरिंग नुसते त्यांच्या अंगावर बसते. नवख्याला ती सजावट वाटते, पण इंजिनाच्या ताकदीचा हिशेब मांडला की हा समज टिकत नाही.

कुळाचा आरंभ विमानाच्या आधी, माशापाशी सापडतो. इंग्रज संशोधक सर जॉर्ज केली यांनी 1809-10 मध्ये हवाई प्रवासावरचे आपले निबंध छापले. कमीत कमी विरोध होईल असा आकार शोधताना त्यांनी ट्राउट माशाच्या अंगाची मापे घेतली. त्यातून निघालेला निष्कर्ष त्या काळी उलटा वाटावा असाच होता : विरोध कमी करायचा तर वस्तूचे नाक जितके महत्त्वाचे, तितकेच शेपूटही महत्त्वाचे.

याचे कारण पाण्यात उघड दिसते. बुऱ्हाणपूरला राजघाटावर तापीच्या वाहत्या पाण्यात बांबू रोवला, तर पाणी पुढून मुकाट दुभंगते. गडबड होते ती मागे : तिथे भोवरे उठतात, खळगा पडतो आणि तो खळगाच बांबूला मागे ओढत राहतो. हवेचेही तसेच. प्रवाह वस्तूच्या पाठीला चिकटून का राहत नाही, याचे नीट उत्तर मात्र 1904 मध्ये मिळाले. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी त्या वर्षी हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सीमास्तराची कल्पना मांडली. पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर घर्षणाने मंदावतो, मागच्या वाढत्या दाबापुढे त्याचा जोर संपतो आणि तो पृष्ठभाग सोडून देतो. मागचा भाग हळूहळू निमुळता केला की हा दाब सावकाश वाढतो आणि थर शेवटपर्यंत टिकतो.

आता हिशेब. 40 मिलिमीटर जाडीची, 2 मीटर लांबीची गोल नळी ताशी 160 किलोमीटर वेगाने हवेत आडवी नेली, तर तिच्यावर सुमारे 11 किलो वजनाइतकी ओढ बसते. तिच्यावर मात करायला 6 हॉर्सपॉवरहून जास्त ताकद लागते. असे चार स्ट्रट असले, तर 90 हॉर्सपॉवरच्या इंजिनातली 25 हॉर्सपॉवर नुसत्या नळ्यांनी खाल्ली. त्याच नळीला थेंबाचा आकार दिला की ओढ साधारण दहावा हिस्सा उरते. म्हणूनच पंख ताणून धरणारी बारीक तारही इथे निरुपद्रवी नसते : एका गोल तारेइतकीच ओढ तिच्या दहापट जाड, पण निमुळत्या स्ट्रटची होते.

पहिल्या महायुद्धातल्या, एकावर एक असे दोन पंख असलेल्या विमानांना हा धडा महागात पडत होता. त्यांचे लाकडी स्ट्रट रंधून निमुळते करणे सोपे होते. तारांचे काय करायचे हा प्रश्न होता. फार्नबरोच्या सरकारी कारखान्याने चपट्या, भिंगासारख्या छेदाच्या तारा काढल्या. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून त्यांना राफवायर म्हणत. पुढे लाकडाची जागा पोलादी गोल नळीने घेतली, तेव्हा निमुळतेपण बाहेरून चढवावे लागले, आणि स्ट्रटचे फेअरिंग हा स्वतंत्र भाग जन्माला आला. केंब्रिजचे प्राध्यापक मेलव्हिल जोन्स यांनी 1929 मध्ये सुरळीत आकाराच्या आदर्श विमानावर व्याख्यान दिले. चालू विमाने किती ताकद निव्वळ भोवरे उठवण्यात घालवतात, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. त्यानंतर फेअरिंगकडे दुर्लक्ष करणे कोणालाच परवडले नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डी हॅविलंड कंपनीचे पस मॉथ हे उंच पंखाचे विमान उडाले. महाराष्ट्राच्या विमान इतिहासात ते मानाचे आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते पस मॉथमधूनच. या विमानाच्या चाकांच्या पायांवरची फेअरिंग वैमानिकाला आतून 90 अंशांत फिरवता येत. उडताना त्यांची धार वाऱ्याला असे. उतरताना ती आडवी केली की रुंद बाजू वाऱ्यापुढे येई आणि वेग मोडे. ओढ घालवायला जन्मलेल्या वस्तूला गरजेपुरती ओढ निर्माण करायला लावणारी ही युक्ती फार सुरेख म्हणावी लागेल. पाठच्या लेपर्ड मॉथ या विमानातही ती होती. 1932च्या त्या टपाल-उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1982 मध्ये, 78 वर्षांच्या टाटांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथमधून.

कुळाची दुसरी शाखा गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावी येते. तिथे 1908 मध्ये जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे गटिंगेनला प्रांट्ल यांच्याच हाताखाली संशोधन करून 1936 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली बनलेले एचटी-2 हे पहिले स्वदेशी शिकाऊ विमान खाली पंख असलेले, स्ट्रटविरहित होते. 28 सप्टेंबर 1958 रोजी उडालेले त्यांचेच पुष्पक मात्र उंच पंखाचे, 90 हॉर्सपॉवरच्या इंजिनाचे आणि पंखाखाली स्ट्रट असलेले. सीमास्तर कोळून प्यालेल्या माणसाने स्ट्रट ठेवला, याचे कारण सरळ आहे. आतूनच भार पेलणारा पंख जाड आणि जड होतो, महागही पडतो. उड्डाण क्लबांच्या मंद, स्वस्त विमानाला निमुळता केलेला स्ट्रटच परवडतो.

जुन्या विमानाला असे फेअरिंग नव्याने करायचे, तर कामाची सुरुवात फर्म्यापासून होते. थेंबाच्या छेदाची लांबी जाडीच्या तीन ते चार पट धरतात आणि सर्वांत जाड भाग पुढून साधारण एक तृतीयांशावर ठेवतात. नळी गोल असेल, तर तिच्या मागे बाल्साची किंवा स्प्रूसची निमुळती पट्टी बसवतात, कानस आणि पॉलिश पेपरने ती फर्म्याला तंतोतंत जुळेपर्यंत घासतात, मग सगळ्यावर कापडाची पट्टी गुंडाळून डोप नावाचा लेप चढवतात. पत्र्याचे करायचे असल्यास पातळ ॲल्युमिनियम लाकडी साच्यावर वाकवून मागच्या धारेत रिव्हेट मारतात. इथे घाई केली की पत्रा नाकापाशी चपटा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

निमुळत्या छेदाच्या तयार नळ्या मिळू लागल्यावर लांबीभरचे आवरण मागे पडले आणि उरली ती दोन टोकांची टोपणे. स्ट्रट पंखाला चिंचोळ्या कोनात भिडतो. तिथे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळून बिघडतात आणि बाहेर टोकदार फिटिंग व बोल्ट असतात. ही टोपणे पूर्वी पत्रा ठोकून करत, आता बहुधा फायबरग्लासची दोन अर्धुके करून स्क्रूने जोडतात. बसवताना धारेची दिशा उड्डाणाच्या दिशेशी जुळवावी लागते. ती तिरकी बसली तर फेअरिंग स्वतःच लहानसा पंख होऊन बाजूला ढकलू लागते. टोपण स्ट्रटवर किंवा नियंत्रणाच्या तारेवर घासता कामा नये, आणि ते बसवण्यासाठी स्ट्रटला भोक पाडणे तर निषिद्धच, कारण भोकापासून तडा सुरू होतो.

खरा धोका आच्छादनाखाली असतो. पाणी उतरत उतरत स्ट्रटच्या खालच्या टोकाशी साचते आणि पोलाद आतून गंजते. म्हणून टोपणाच्या सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचे भोक ठेवतात, आणि नळीत जवसाचे तेल फिरवून उरलेले ओतून टाकतात. वार्षिक तपासणीत टोपण काढून बोल्ट आणि फिटिंग उघड्यावर पाहतात. पायपर कंपनीच्या जुन्या विमानांचे स्ट्रट अशा गंजाने पोखरलेले आढळल्यावर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने 1993 मध्ये त्यांच्या वारंवार तपासणीचा आदेश काढला. नंतर दोन्ही टोके बंद केलेले स्ट्रट बाजारात आले. ते बसवले की ही वारंवारची तपासणी टळते.