दिवाळी आणि स्मृतिभ्रंश

दिवाळीत घर माणसांनी भरते, नेहमीची घडी मोडते, फटाक्यांचा आवाज रात्री उशिरापर्यंत येत राहतो. एरवी हवाहवासा वाटणारा हा बदल स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला मात्र गोंधळात टाकतो. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे त्या वयोगटातील ७.४ टक्के लोकांना, हा विकार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात मांडण्यात आला. तेव्हा हा प्रश्न एखाददुसऱ्या घराचा उरलेला नाही.

स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण अल्झायमर हा आजार होय. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. नव्या आठवणी साठविण्यास मदत करणारा मेंदूचा भाग यात बहुधा लवकर बाधित होतो. त्यामुळे सकाळी येऊन गेलेला भाचा संध्याकाळी आठवत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीची माहेरची दिवाळी बारकाव्यांसह आठवते. हा हट्ट नव्हे आणि दुर्लक्षही नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, आधी समजून घेतले पाहिजे.

पाहुणे येण्यापूर्वी

येणाऱ्यांना फोनवरच परिस्थितीची कल्पना द्यावी. एका वेळी दोन-तीन जणांनीच भेटावे आणि शक्यतो सकाळी भेटावे. अनेक रुग्णांची अस्वस्थता दिवेलागणीच्या सुमारास वाढते. ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो. पण समोरच्यासाठी ती परीक्षाच ठरते. त्याऐवजी ‘मावशी, मी सुधा, तुमच्या धाकट्या बहिणीची मुलगी’ असे आपणच सांगावे. जेवण, झोप आणि औषधे यांच्या वेळा सणातही बदलू नयेत. गलका वाढल्यास बसता येईल अशी एक शांत खोली मोकळी ठेवावी.

‘हे अजून कसे आले नाहीत?’

पाडव्याला ओवाळण्याच्या वेळी आजी दिवंगत पतीची वाट पाहू लागतात, तेव्हा घरचे हवालदिल होतात. दर वेळी मृत्यूची आठवण करून दिल्यास ते दुःख त्यांना नव्याने भोगावे लागते. खोटे बोलणेही मनाला पटत नाही. अशा वेळी ‘त्यांची आठवण येते ना? पाडव्याला ते काय आणायचे?’ असे विचारून भावनेला उत्तर द्यावे. घटनेची दुरुस्ती करण्याची गरज नसते. त्यांनी थेटच विचारले, तर मात्र हात हाती घेऊन सौम्य शब्दांत खरे सांगावे.

हातांना काम

वर्षानुवर्षे केलेल्या कामांची सवय हातांत बराच काळ टिकते. वाती वळणे, झेंडूची फुले निवडणे, करंजीला मुरड घालणे, पणत्या पुसणे अशी कामे सोपवावीत. करंजी वाकडी झाली तरी ती त्यांच्यादेखत पुन्हा करू नये. परिचित आरत्या आणि जुनी गाणी अनेकदा शब्द हरवल्यानंतरही ओठांवर येतात.

घरातील काळजी

पेटत्या पणत्या त्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेत नसाव्यात. जमिनीवरचा गडद पट्टा खड्ड्यासारखा भासू शकतो, म्हणून रांगोळी चालण्याच्या जागेपासून दूर काढावी. अभ्यंगस्नानाचे पाणी आपण हाताने तपासावे आणि तेलाने निसरडी झालेली फरशी लगेच पुसावी. गिळण्याचा त्रास असल्यास चिवडा, शेंगदाणे, कडक चकली टाळावी. सणात दार सतत उघडे असते. नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी त्यांच्या खिशात किंवा बांगडीवर असावी. आठवडाभराची औषधे आधीच आणून ठेवावीत.

एखाद-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, गुंगी आली किंवा भास होऊ लागले, तर ‘सणाची दगदग’ म्हणून सोडून देऊ नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा बद्धकोष्ठता यांनीही असे होते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सांभाळणाऱ्याची दिवाळी

ही जबाबदारी बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा मुलगी यांपैकी एकीवरच पडते. फराळ, पाहुणे आणि रुग्ण हे तिन्ही एकटीने पेलणे अशक्य आहे. फराळ विकत आणल्याने सण उणा होत नाही. भाऊबीजेला आलेल्या भावंडांनी सूचना देण्यापेक्षा एक दुपार आई-वडिलांजवळ बसून तिला बाहेर पाठवावे. इतर दिवसांसाठीही पाळ्या याच भेटीत ठरवून घ्याव्यात. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे. हे दोन्ही क्रमांक घरात सर्वांना दिसतील असे लिहून ठेवावेत.