थांबायला वेळ नसलेले रुग्ण
नेत्रसंशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

जालना जिल्ह्यात डोळ्यांच्या आजारांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला विषय शोधत लांब जावे लागत नाही. अंबड-घनसावंगीकडे गोदाकाठचा ऊस आहे, तोडणीच्या दिवसांत त्याचे पाते बुबुळाला चाटून जाते. शहरातल्या सळईच्या कारखान्यांत ग्राइंडरचा तापलेला कण डोळ्यात रुततो. आणि सगळ्याच तालुक्यांत शुगर वाढलेली माणसे आहेत. त्यांच्या डोळ्याचा पडदा वर्षानुवर्षे न दुखता खराब होत राहतो. श्री गणपती नेत्रालयासारखे रुग्णालय याच शहरात उभे राहिले, याचे कारणही रुग्णांच्या या गर्दीतच असावे. तरी इथल्या तरुण डॉक्टरांना, ऑप्टोमेट्रिस्टना, परिचारिकांना वाटते की संशोधन हे मदुराई, दिल्ली, हैदराबादचे काम. हा समज दूर व्हावा आणि तुम्ही या क्षेत्रात यावे, यासाठी हे लिहीत आहे.

बुबुळाच्या जखमेपासून सुरुवात करू. पात्याने नुसते खरचटते, माणूस डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो. आठवड्याने डोळा लाल, पांढरा ठिपका, प्रकाश सहन होत नाही. मधल्या काळात कुणी मध घातलेला असतो, कुणी मेडिकलवरून स्टिरॉइडचे थेंब आणलेले असतात. त्या थेंबांनी लाली उतरते आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. शेवटी बरे झाले तरी फूल पडते, नजर जाते. निदानाला मोठे यंत्र लागत नाही. जखमेच्या कडेचा खरवड काचपट्टीवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बुरशीचे तंतू असतील तर काही मिनिटांत दिसतात.

मग जखम झाल्याझाल्या, गावातच मलम दिले तर? नेपाळमधल्या भक्तपूरच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हाच प्रश्न हाताळला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी खरचटलेल्या ४४२ डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस घातले. ९६ टक्के डोळे बरे झाले. ज्यांना १८ तासांच्या आत मलम मिळाले, त्यांतल्या एकालाही अल्सर, म्हणजे बुबुळावरचा चिघळलेला व्रण, झाला नाही. वाचणाऱ्याला वाटावे, प्रश्न सुटला. पण मलम न मिळालेल्यांचा गट या अभ्यासात नव्हता. कित्येक ओरखडे आपोआपही भरून येतात, मग श्रेय मलमाला किती द्यायचे? नेपाळमध्येच पुढे २४ गावसमूह घेऊन, कुठे ही योजना राबवायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरवून, मोठी चाचणी झाली. आपल्या आशाताईंसारख्या तिथल्या आरोग्यसेविकांनी औषध दिले. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले: अल्सरचे प्रमाण दोन्हीकडच्या गावांत जवळपास सारखेच. म्हणून मलम निरुपयोगी ठरत नाही. वेळेत ते किती जणांपर्यंत पोहोचले, हाच प्रश्न मग मोठा होतो. आपल्याला हवे ते उत्तर न आल्यावरही ते छापणाऱ्या संशोधकांबद्दल मला फार आदर वाटतो. नव्याने येणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी.

औषधांचेही असेच. अरविंद नेत्र रुग्णालयांत बुरशीच्या अल्सरवर जुने नॅटामायसिन आणि नवे, महागडे व्होरिकोनॅझॉल यांची तुलना झाली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुने औषध सरस ठरले.

आता निदानाच्या तंत्रज्ञानाकडे येऊ, कारण तुमच्यापैकी बहुतेक त्याच ओढीने आले असाल. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाईलला जोडलेल्या कॅमेऱ्याने मधुमेही रुग्णांच्या पडद्याचे फोटो काढायचे आणि इंटरनेट नसतानाही फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने सांगायचे, कोणाला पुढे पाठवायला हवे. निकाल असा की पाठवण्याजोगा आजार असलेला एकही रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. शंभर टक्के.

जाहिरातीत एवढेच येईल. आपण आकडे उलगडून पाहू. फोटो तपासले गेले २१३ जणांचे. त्यांत असा आजार होता १५ जणांना. पंधरापैकी पंधरा सापडणे ही चांगलीच गोष्ट. पण एवढ्या लहान संख्येवर संख्याशास्त्र सांगते की यंत्राची खरी क्षमता ७८ टक्क्यांपर्यंत खाली असू शकते. उरलेल्या १९८ जणांपैकी २३ जणांनाही यंत्राने ‘पुढे दाखवा’ म्हटले. म्हणजे ३८ जणांना पाठवायचे, तेव्हा त्यांत १५ खरे रुग्ण. मुंबईत हा फेरा लोकलने होतो. मंठ्याच्या मजुराला त्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोजावे लागते. तेवीस हा आकडा आपल्याकडे जास्त जड आहे.

त्याहून महत्त्वाची माणसे मोजणीच्या बाहेर आहेत. अठरा जणांचे फोटो वाचण्याजोगे आले नाहीत, म्हणून ते वगळले गेले. पिकलेला मोतीबिंदू किंवा लहान बाहुली असली की फोटो धूसर येतो, आणि आपल्या शिबिरांत अशाच म्हाताऱ्या डोळ्यांची रांग असते. मुळात मधुमेही होते २५५; त्यांतल्या २४ जणांनी तपासणीला संमतीच दिली नाही. मुख्य कारण: थांबायला तयार नव्हते. संशोधकांनी हे प्रामाणिकपणे नोंदवले, म्हणून आज आपल्याला त्यावर विचार करता येतो. कोणत्याही यंत्राविषयी वाचताना टक्केवारीच्या आधी हे शोधा: कोण वगळले गेले, कोण उठून गेले, आणि ते आपल्या रुग्णांसारखे होते का?

असा अभ्यास स्वतः करायचा तर नियमांची भीती बाळगू नका. चाचणी नोंदवण्यासाठी भारताची स्वतःची नोंदवही २००७ पासून आहे. नैतिकता समितीची परवानगी आधी लागते. खरे कौशल्य संमती घेण्यात आहे. आजी अंगठा लावायला तयार असतात, कारण डॉक्टर सांगतात म्हणून. त्यांना थांबवून सांगायचे: दोनपैकी कोणते औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, नको म्हणालात तरी उपचार तेवढेच नीट होतील. मग त्यांनाच विचारायचे, काय समजले? त्या आपल्या शब्दांत सांगतील तेव्हाच अंगठा घ्यायचा. यात दहा मिनिटे गेली तर जाऊ द्या.

आणि पहिला अभ्यास कोणता? माझे मत विचाराल तर तपासणीनंतरच्या वाटेचा. शिबिरात ज्यांना ‘जालन्याला जाऊन पडदा दाखवा’ सांगितले, त्यांतले किती जण तीन महिन्यांत खरोखर पोहोचले, आणि जे पोहोचले नाहीत ते कशामुळे: भाडे, सोबतीला माणूस नसणे, सुगी, की दुखत नाही म्हणून? त्याला कॅमेरा लागत नाही. समितीची परवानगी, एका प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही, फोन करणारी एक व्यक्ती आणि गावात जाऊन विचारणाऱ्या आशाताई, एवढ्यावर तो या हंगामात सुरू करता येईल.