सिमेंटचा पत्रा फोडू नका : ॲसबेस्टॉसचे छप्पर उतरवताना घ्यायची काळजी

चाळीची दुरुस्ती असो, झोपडपट्टीचे पुनर्वसन असो की समाजमंदिराचे नूतनीकरण, कामाची सुरुवात बहुधा छप्पर उतरवण्यापासून होते. आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात बऱ्याचदा ॲसबेस्टॉस हे तंतुमय खनिज असते. पत्रा अखंड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये घट्ट राहतात. तो फोडला किंवा कापला की डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. त्यातून ॲसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. सर्व प्रकारचे ॲसबेस्टॉस कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही भारतात पांढऱ्या ॲसबेस्टॉसवर सरसकट बंदी नाही.

काम करताना

- नुसते पाहून खात्री होत नाही. जुना राखाडी पन्हाळी पत्रा ॲसबेस्टॉसचाच समजा.
- मुलांना आणि शेजाऱ्यांना दूर ठेवा. दारे-खिडक्या बंद करा, पाणी-अन्न झाकून ठेवा.
- पत्र्यावर पाय देऊ नका, जुना पत्रा अचानक तुटतो. परांचीवरून काम करा.
- पाण्याची हलकी फवारणी करून हुक-बोल्ट सोडवा आणि पत्रा अखंड खाली घ्या. हातोडा, ग्राइंडर नको. वरून फेकू नका.
- तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा मास्क लागतो.
- झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.
- कामाचे कपडे झटकू नका, घरी नेऊ नका. ते धुणाऱ्या बायकांनाही हे आजार झालेले आहेत.
- तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधा. भंगारात, नाल्यात, रस्त्याच्या भरावात टाकू नका. न्हाणीच्या आडोशाला, खुराड्याला पुन्हा वापरू नका. विल्हेवाटीची जागा महापालिकेला लेखी विचारा.

नोंद का हवी?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो, नाक्यावरून आणलेल्या बिगाऱ्याला पत्रे फोडूनच खाली टाकायला सांगतात, कारण काम लवकर उरकते. आजार मात्र बहुधा 20 ते 40 वर्षांनी दिसतो. तोवर ठेकेदार सापडत नाही, इमारतही उरलेली नसते.

भरपाईसाठीच्या व्यावसायिक आजारांच्या कायदेशीर यादीत ॲसबेस्टॉसिस आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲसबेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्य नोंदी 40 वर्षे जपण्याचा आदेश दिला. पण नाक्यावरच्या माणसाचे नाव मुळात कोणत्या हजेरीपटावर असते?

म्हणून आम्ही कामगारांना सांगतो : वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केले असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वहीत तारीख, ठिकाण, ठेकेदाराचे नाव आणि केलेले काम लिहा. दम लागला, खोकला हटेना, तर डॉक्टरांना पत्र्याच्या कामाविषयी आवर्जून सांगा. विडी-सिगारेट सोडा, ॲसबेस्टॉससोबत ती फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढवते.

घरमालक, सोसायट्या आणि समाजमंदिराच्या समित्यांनी ठेका देतानाच ‘पत्रे अखंड उतरवावेत, मास्कचा खर्च आमचा’ अशी अट लिहून घ्यावी. दिवसभराचे काम दोन दिवसांवर जाईल, पण फुप्फुस दुसरे मिळत नाही.