असईची लढाई
असईची लढाई ही दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील महत्त्वाची लढाई होय. ती २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ झाली. ब्रिटिश लष्कराच्या व ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींचे नेतृत्व मेजर जनरल आर्थर वेलस्लीकडे होते. त्यांच्यासमोर दौलतराव शिंदे व नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांची कित्येक पटींनी मोठी संयुक्त फौज होती.

कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीची वाट न पाहता वेलस्लीने हल्ल्याचा निर्णय घेतला. केळणा नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांचे म्हणणे होते. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून तेथे उतार असणारच, हे त्याने ताडले. नदी ओलांडून तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. तथापि शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनानी पोलमन याने आपली फळी त्वरेने वळवली. ब्रिटिशांची उजवी तुकडी चुकून असईकडे भरकटली व तोफांच्या माऱ्यात ७४व्या पलटणीची वाताहत झाली. उरलेल्यांना मॅक्सवेलच्या घोडदळाने वाचवले. पुढील हल्ल्यात तो स्वतः मारला गेला.

मराठ्यांच्या सुमारे १०० तोफा ब्रिटिशांच्या हाती लागल्या. मात्र त्यांचे १,५०० हून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. पुढे वॉटर्लूचा विजेता ठरलेला वेलस्ली असईलाच आपली सर्वोत्तम रणकामगिरी मानत असे.